सरांच्या घरची पीएचडी

विद्यापीठामागं प्लॉट घेतला तवा भोवती ज्वारी होती. आता ज्वारी गेली, कॉलन्या आल्या आणि माझ्या तीन खोल्यांत पीएचडीवाले भाडेकरू आले. पोरं खोली सोडून जातात, त्यांचे किस्से काय जात नाहीत. दत्ता सगळ्यात जास्त राहिला, म्हणून त्याचेच जास्त साचले.

मी चौथी नापास. वाळूजला कंपनीत हेल्पर होतो. तवा मला त्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणलं तर म्हणू द्या.

*

दत्ता बीडकडचा. विषय, दुष्काळी गावांतली पाणीटंचाई. आला त्याच दिवशी म्हणला, "काका, गाईड लई मोठे मिळालेत."

मला वाटलं, वेरूळ बघायला निघाला. गाईड म्हणजे आम्हाला तेच माहीत.

"नाय काका, पीएचडीलाबी गाईड असतो. तो रस्ता दाखवतो."

महिन्याभरानं विचारलं, "दाखवला का सरांनी रस्ता?"

"दाखवला. किराणा दुकानाचा, गॅस एजन्सीचा आणि मॅडमच्या माहेरचा."

*

मग तो वाईट उन्हाळा आला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. सरांचा बंगला नव्या कॉलनीत, तिथं लाईनच पोचलेली नव्हती. दत्ता रोज मोटारसायकलवर पाण्याचे जार बांधून निघायचा.

एकदा गेटातच आडवला. "काय रे, कुठवर आली पीएचडी?"

"आज दोन जार, काका."

बायको हसली. मी नाय हसलो. जार माझ्याच हौदातून भरलेले होते.

*

फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येते म्हणतात. मी काय आलेली बघितली नाय. सरांची सही झाली की दिल्लीत अडकायची, दिल्लीतून सुटली की सर परगावी.

एका संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. गावी एकटीच असते ती. फोन स्पीकरवर होता.

"आला का रे?"

"नाय आली अजून."

"अरे, मी पावसाचं विचारते."

"मी फेलोशिपचं सांगतो."

मी ओट्यावरून म्हणलं, "दोन्ही वरूनच यायचंय. बसा बघत."

*

सर्व्हेला दत्ता स्वतःच्याच गावी गेला. घरोघर विचारत आईपुढं येऊन बसला. म्हणला, "आपण पाणी किती लांबून आणता?"

आई म्हणली, "मुडद्या, दुसरी घागर कुणाच्या डोक्यावर असायची?"

"आई, उत्तर तुझ्याच तोंडून पाहिजे. सरांनी सांगितलंय."

"मग लिही. आधी दोघं आणत होतो, आता मी एकटी आणते."

त्यानं लिहिलं. सरांनी ते वाक्य काढायला लावलं. म्हणले, "ह्यात टंचाई कुठं दिसते?"

*

लिहून झालं तरी सर दोन वर्षं नुसते वाचतच होते. दत्ताचे कानाजवळचे केस पांढरे झाले. माझंच डोकं फिरलं. म्हणलं, "सोड ते. जा आईकडं."

"आता सोडलं तर सगळं पाण्यात जाईल, काका."

"पाण्यात जायला पाणी हाय का कुठं?"

त्यानं मोटारसायकल काढली. सरांच्या गाडीचं सर्व्हिसिंग होतं, तिकडं निघून गेला.

*

अखेर व्हायवाची तारीख लागली. बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांची गाडी, जेवण, शाल, सगळं दत्ताकडं. ती रीतच हाय म्हणे. आई गावाहून एसटीनं आली, नवं लुगडं नेसून. तिच्या संगं मीबी जाऊन मागं बसलो.

दत्ता चांगला बोलला. कुठं अडला नाय. परीक्षकांनी पदवी द्यायला हरकत नाय म्हणून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी विचारलं, "सभागृहात कुणाला काही विचारायचंय?"

तसं कुणी विचारत नसतं. सगळे जेवणाकडं बघत होते.

दत्ताची आई उठली. पदर सारखा केला. परीक्षकांकडं तिनं बघितलंबी नाय, सरळ सरांकडं तोंड करून म्हणली, "सायब, आता नेऊ का ह्याला घरी?"

सरांनी जरा विचार केला.

"रविवारनंतर न्या," म्हणले. "मुलीचा साखरपुडा आहे."