देवांमागची किल्ली

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराच्या उत्तरेचं ते गाव म्हणजे चाळीस घरं, एक चर्च आणि एक टपालपेटी. दुकान कधीच बंद पडलं, डॉक्टर शेजारच्या गावात. उरली होती आठ जणांची बस, तीही गावातलेच निवृत्त लोक पाळीपाळीने फुकट चालवत. उल्काचे यजमान दामोदर त्यातले एक. वीस सालच्या मार्चमध्ये करोना आला आणि बस थांबली, कारण चालक सगळे पासष्टीच्या पुढचे.

समोरच्या फ्राउका आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटलला नेणारी टॅक्सी सोमवारी आली नाही. बुधवारी सकाळी पुन्हा तेच: ड्रायव्हर आजारी, उद्या बघू. आजींचे पाय मडक्यासारखे सुजले होते. रोज खिडकीतून हात करायच्या, तो आज अर्ध्यावरच राहिला.

"किल्ली कुठे गेली गं?" दामोदर खण उपसत होते.

उल्का वाती वळत राहिली. गेल्याच वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले. गाडीची किल्ली तिनेच देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे लपवली होती. आंघोळीआधी ते देवांना शिवायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक.

"अहो, अँब्युलन्स येईल की."

"विचारलं. श्वास लागला तर लगेच कळवा, म्हणाले. तोवर थांबायचं?"

"तुम्ही जायचं नाही. देव पाण्यात घालून बसेन, पण तुम्हाला सोडणार नाही."

"बस खुशाल! तिकडे आजीच्या अंगात पाणी साठतंय, त्याचं काय?"

ते वर्मी लागलं. इथल्या पहिल्या हिवाळ्यात दार गोठलं, तेव्हा ह्याच बाई गरम पाण्याची किटली घेऊन धावत आल्या होत्या.

उल्काने हात जोडले, किल्ली काढली. दामोदर बघतच राहिले. मग त्यांनी हात पुढे केला.

"तुम्हाला नाही. मी जाते."

"तू? चर्चभोवती एक फेरी मारून गाडी परत आणणारी तू?"

"रस्ता फोनवर सांगा. आणि ओरडायचं नाही."

खणाच्या कापडाचे मास्क, चारही काचा खाली, आजी मागच्या सीटवर. कालव्यावरच्या अरुंद पुलापाशी समोरून ट्रक आला. उल्काने गाडी थांबवली, तर इंजिन बंदच पडलं.

"क्लच दाब! क्लच!" फोनमधून दामोदर.

"ओरडू नका म्हटलं ना!" तिने क्लच दाबून किल्ली फिरवली, गाडी पुन्हा सुरू झाली.

मागे आजींना धाप लागली होती. उल्काची रामरक्षा अर्ध्यात तुटली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पंचवीस किलोमीटर.

हॉस्पिटलच्या दारात नर्सने आजींना खुर्चीत बसवलं, एकदा पायांकडे पाहिलं आणि धावतच आत नेलं.

तीन तासांनी आजी आपल्या आपण खुर्चीतून उठल्या. मोडक्यातोडक्या डचमध्ये उल्काने विचारलं, "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"