सुपडाबाई पाणी का पीत नव्हती

सुपडाबाई गेली हे मला तिच्या संजूने फोनवर सांगितलं. मी गवारीच्या शेंगा मोडत होते. तो रडत होता, म्हणून आधी काही समजलंच नाही. मग म्हणाला, "मावशी, माय गई. किडनी फेल झाली." शेंगा तशाच टाकून मी निघाले. तिच्या दारात बायका जमल्या होत्या आणि सगळ्या एकच बोलत होत्या, की बिचारी गुडघ्यांच्या त्रासातून सुटली. संजू येणाऱ्याजाणाऱ्याला किडनीचं सांगत होता. दोन्ही खोटं नव्हतं. पण गुडघ्यांचं दुखणं किडनीपर्यंत कसं पोचलं, हे तिथे कोणी काढलं नाही. महिना होऊन गेला, अजून कोणी काढत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे. तेवढ्यावर जमेल तसं लिहिते.

आमची ओळख नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर झाली. ओल्या लाल मिरच्या जिथे वाळत घालतात त्या मोकळ्या मैदानाला पथारी म्हणतात. तिथे बायका बसून देठ खुडतात. बसून म्हणजे उकिडवं बसून. मांडी घातली तर मिरची अंगाखाली चेंगरते आणि पुढे सरकता येत नाही. म्हणून सकाळी एकदा बसलं की त्याच बैठकीत एक एक पाऊल पुढे जायचं, दुपारी भाकरीपुरतं उठायचं, परत बसायचं. आम्ही दोघींनी सगळं तरुणपण असं बसून काढलं. सुपडाबाईचा हात चपळ होता आणि तोंड त्याहून. मुकादम फार ओरडायला लागला की ती मान वर न करता म्हणायची, "भाऊ, तू एक दिन अशा बशी देख, मंग तुन्हा आवाज कोठून निंघस ते आमी देखसूत." बायका हसायच्या, हसताना नाकावरचा पदर सुटायचा आणि मग सगळ्या शिंकत बसायच्या. त्या मैदानात बायकांना लघवीला जायला आडोसा नव्हता. म्हणून पाणी जपून प्यायचं हे आम्ही तिथेच शिकलो. घसा जळायचा, तरी एक घोट घ्यायचा आणि तांब्या पुढे सरकवायचा. बऱ्याच जणींची ही सवय काम सुटल्यावर सुटली. सुपडाबाईला ती पुढे कामाला आली... कामाला आली असंच म्हणते मी.

गुडघे आधी नुसते वाजायचे. ती हसण्यावारी न्यायची. म्हणायची, मन्हा गुडघा आते मन्हापेक्षा जास्त बोलतस. मग सुजायला लागले. तिने तेल चोळलं, एरंडाची पानं बांधली, प्रकाशा गावच्या जत्रेतून कोणी आणलेली मुळी उगाळून लावली. पाय बाहेरच्या बाजूला वाकले तेव्हा मी तिला घेऊन नवापूरकडच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्याने टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा तिच्या हातात दिला. वरचं हाड, खालचं हाड, पुढे वाटी आणि मधे गुळगुळीत गादी. हाडं एकमेकांवर नुसती उघडझाप करत नाहीत, थोडी घसरतात आणि थोडी वळतातही, म्हणून ती गादी लागते, असं त्याने सांगितलं. माणूस उकिडवं बसून उठतो तेव्हा सगळ्या अंगाचा भार त्या वाटीखाली येतो. गादी झिजली की ती परत भरत नाही. सुपडाबाईने तो गुडघा दोन-चारदा दुमडून पाहिला आणि म्हणाली, "आसा नवा शे का तुमनापान?" डॉक्टर हसला. आहे म्हणाला, ऑपरेशन करून बसवता येतो, चालणं सुधारेल. पण त्यानंतरही खाली बसायचं नाही, उकिडवं तर कधीच नाही. आधी घरात खुर्चीसारखा संडास करून घ्या, तो तर आजपासूनच लागणार आहे, ऑपरेशनचं मग बघू.

हे मी घरी जाऊन संजूला जसंच्या तसं सांगितलं. संजू वाईट मुलगा नाही. आईचं सगळं करायचा. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याला वाटत होतं ऑपरेशन झालं की आई पहिल्यासारखी खाली बसेल, उठेल, मग घराची फोडतोड कशाला. तसं होणार नाही म्हटल्यावर म्हणाला, "एवढं आपरेशन करीसन बी खाले बसता येवाव नही, मंग कसाले करानं?" म्हणून ऑपरेशन राहिलं. आणि ऑपरेशन नाही म्हणून संडासही राहिला. मी परत विषय काढला तेव्हा तो चिडला आणि म्हणाला, "मावशी, गुडघा दुखीसन कोनी मरस का?"

मग मीच बाजारातून एक लोखंडी खुर्ची आणली. मधे भोक असलेली, आपल्या साध्या संडासावर ठेवायची. फोडतोड नाही, काही नाही. चार दिवस सगळे खूश होते. पण त्यांचा संडास अरुंद. घरातल्या इतरांना जायचं तर खुर्ची उचलून बाहेर ठेवायची, आणि तिला जायचं तर कोणीतरी आत ठेवून द्यायची. तिला स्वतःला ती उचलवत नव्हती. दर वेळी सुनेला हाक मारायची. सून कधी उलटून बोलली नाही. फक्त हातातलं काम दणकन ठेवायची आणि मग उठायची. ते आपटणं सुपडाबाईने किती दिवस ऐकायचं? पाहुणे असले की ती हाक मारतच नव्हती. पुढे पुढे खुर्ची बाहेर पडून राहायला लागली, मग गच्चीवर गेली.

शेवटची भेट वैशाखातली. ती पंख्याखाली पलंगावर बसली होती, ओठ फुटलेले, जीभ कोरडी. मी माठातलं पाणी आणून हातात दिलं. तिने पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला. मी ओरडले तिच्यावर.

"पानी पे वं. मरशी ना."

"नको, लिला. मंग उठनं पडस."

मी म्हटलं मग ऊठ, मी आहे ना. तेव्हा तिने सांगितलं. खुर्चीशिवाय गेली होती, बसली ती बसलीच. गुडघे अडकले. कडी लावलेली, हाका मारून थकली, शेवटी दार तोडावं लागलं.

"मन्हा पोऱ्यानी उचलं माले तठून. आते नको."

एवढंच बोलली आणि पदराने तोंड पुसलं. पेला मी परत हातात दिला, तिने तो खिडकीत ठेवून दिला. त्यानंतर तिला लघवीची आग सुरू झाली, ती कोणाला बोलली नाही. ताप आला, तो उन्हाचा समजले. सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. सून रडत मला म्हणाली, मावशी, आईंना तहानच लागत नव्हती. मिरचीत राबलेल्या बाईला तहान लागत नाही, हे मी प्रथमच ऐकलं.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी त्यांच्या अंगणात मांडव होता. पाहुण्यांसाठी गार पाण्याचा जार आणलेला, आणि तो ठेवायला काही सापडलं नसेल, म्हणून तीच लोखंडी खुर्ची गच्चीवरून खाली काढून, वर स्वच्छ कापड टाकून त्यावर ठेवला होता. लोक येत होते, पाणी पीत होते. मी बघत उभी राहिले. मग संजूला म्हटलं, जार खाली ठेव. तो आधी समजला नाही, मग समजला. हळूच म्हणाला, "मावशी, आज ऱ्हाऊ द्या ना. लोके शेतस."

"लोके शेतस म्हनीसनच."

त्याने जार उतरवला. मी खुर्ची उचलली आणि भर दुपारी गल्लीतून घरी आणली. मधे दोनदा ती खाली ठेवून तिच्यावरच बसले, कारण माझेही गुडघे पथारीवरचेच आहेत. लोकांनी पाहिलं. पाहू दे.

आता ती माझ्या संडासात असते. घरात मी एकटी, कोणाला उचलायची नाही. चार दिवसांपूर्वी शेजारची बनाबाई आली. तीही आमच्यातलीच, देठ खुडणारी. भिंत धरून उभी राहिली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग लाजत विचारलं, एकदा बशी देखू का वं तुन्ही खुर्चीवर? तिचेही ओठ फुटलेले होते.

मी तांब्या भरून तिच्या हातात दिला. म्हटलं, "पहिले पानी पे. पुरं पे. मंग बस."