काकूंनी फळी पाण्यापर्यंत नेली

कपडे अल्टर करून देणाऱ्या काकूंनी पन्नाशीनंतर विंग फॉइलिंग शिकायला घेतलं, तेव्हा गल्लीने कपाळाला हात लावला. हातात हवेने फुगवलेला पंख, पायाखाली फळी, फळीच्या पोटाखाली लांब दांडा आणि त्याच्या टोकाला विमानासारखी पाती. वारा भरला की फळी पाण्यावरून वर उचलली जाते. काकू पडायच्या, उठायच्या, पुन्हा पडायच्या. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. गाडं अडलं ते पाण्यापर्यंत पोहोचण्यात.

सामान काका वाहून न्यायचे. एकदा वाऱ्याचा झोत आला, फळी हातातल्या हातात फिरली आणि पात्याने त्यांची नडगी चिरली. जखम भरली, पण काका काही विसरले नाहीत.

"विकून टाक हे. हौसेला मोल नसतं, कबूल. पण पाय दोनच असतात."

काकूंनी जुन्या जीन्सचं कापड दुहेरी घेऊन, आत कापूस भरून पात्यांना खोळ शिवली. मग प्रशिक्षक बाईंकडे जाऊन म्हणाल्या, आज पाण्यात उतरायचं नाही, नुसतं उचलायचं शिकवा. बाई हसल्या नाहीत. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाला फळी, दुसऱ्या अंगाला पंख, मध्ये आपण, असं त्यांनी दाखवलं. उलटं केलं तर वारा पंख पात्यांवर आपटतो, नाहीतर आपल्यावर.

रविवारी काका सोबत आले, पण हात खिशात घालून. पायवाटेवर मुलं चेंडू खेळत होती. काकूंनी त्यांना आधी बाजूला व्हायला सांगितलं, मगच ओझं उचललं. एक धिप्पाड गृहस्थ मदतीला धावले.

"तुम्ही उचलाल हो दादा," काकू म्हणाल्या, "पण मला शिकायचंय."

अर्ध्या वाटेत वारा अंगावर आला. पंखाने खांदा असा ओढला की डोळ्यांत पाणी आलं. त्याला कवटाळावंसं वाटलं, पण काकूंनी पंखाची फक्त पुढची मूठ धरून ठेवली, त्याला हवं तसं फडफडू दिलं आणि पाय रोवून उभ्या राहिल्या. काका दोन पावलं पुढे आले आणि थांबले. झोत ओसरला. काकू चालू लागल्या.

काठावर त्यांनी खोळ काढून काकांच्या हातात दिली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फळी आडवी केली, मग पाती पाण्याखाली जातील अशी सुलटी. गुडघे टेकून वर चढल्या आणि पंख उचलला. तेवढ्यात वारा पडला तो पडलाच. बराच वेळ त्या तशाच तरंगत राहिल्या, मग बाहेर आल्या.

"फुकट गेला की गं दिवस," काका म्हणाले आणि फळीला हात घातला.

"फळी राहू द्या. पंख घ्या तुम्ही." काकूंनी दांडा पक्का धरला. "मंगळवारी वारा आहे म्हणतात. दुपारी दुकान बंद ठेवते मी."