पान वाढलंय

जगात आपोआप काहीही बिघडत नाही, असं मनापासून मानणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीचे आपण सगळे काही बंद पडलं की नशिबाला, हवेला नाहीतर महापालिकेला बोल लावून मोकळे होतो. भाऊजी मोकळे होत नाहीत. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "काल चालत होतं ना? मग मधे काय बदललं?" एकदा माझा मिक्सर बंद पडला आणि मी मुलुंडहून बोरीवलीला त्यांना फोन केला, ही माझीच चूक. "काही बदललं नाही हो भाऊजी, आपोआप बंद पडला," एवढं बोलायचा अवकाश, माझी उलटतपासणी सुरू झाली. बऱ्याच वेळाने मी कबूल केलं की ओटा पुसताना मिक्सर हलवून जुन्या पॉइंटला लावला होता. "बघ," ते म्हणाले, "आपोआप असं काही नसतं गं." मागून ताईचा आवाज आला, "सोडा हो तिला, तिची चटणी खोळंबलीय." त्या घरातली प्रत्येक चौकशी अशी ताईच्या एका वाक्याने संपायची. आता ताई नाही, आणि चौकशी संपवणारंही कोणी नाही.

भाऊजी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतात. तिथली सगळी मशीनं लिनक्सवर चालतात. लिनक्स म्हणजे काय, हे त्यांनी मला लग्नकार्यात, दवाखान्यात, एकदा तर बारशाच्या पाळण्याशेजारी उभं राहूनही समजावलंय. माझ्या डोक्यात उरलं ते इतकंच, की जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली ही एक प्रणाली आहे, ती कुणालाही फुकट मिळते, आणि तिच्यात चित्रं कमी नि काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं जास्त. ताई तिला 'तुमचं ते फुकटातलं' म्हणायची. ते भाऊजींना लागायचं. "कोण कुठला माणूस, आपल्याला ओळखतसुद्धा नाही, तो स्वतःचा वेळ घालवून लिहितो आणि आपण वापरतो. मग बिघडलं तर निदान कारण शोधून त्याला कळवायला नको?" म्हणून बंद करून पुन्हा चालू करणं हे त्यांच्या लेखी पाप. रीस्टार्ट केलं की बिघाड पळून जातो, मग कारण विचारायचं कुणाला? घरचं मशीन मात्र रोज झोपताना बंद करायचे. ताईने ही विसंगती दाखवली तेव्हा म्हणाले, "झोपवणं वेगळं आणि बेशुद्ध पाडणं वेगळं." एका वर्षी सोसायटीच्या गणपतीत ऐन आरतीला स्पीकर गप्प झाला. सेक्रेटरी बटण बंद-चालू करायला धावले, तर भाऊजींनी त्यांचा हातच धरला. आरती तशीच झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादाचे द्रोण रिकामे झाले, आणि मग भाऊजी मंडपामागून वायरचं एक टोक नाचवत आले. नॅशनल पार्कातल्या माकडांनी ते कुरतडलं होतं. गणपती पावल्याचा आनंद त्या दिवशी फक्त त्यांच्या तोंडावर होता.

माणसांशी ते बेताचं बोलतात, मशीनशी पोटभर, आणि तेही मालवणीत. "काय झाला बाबा तुका? सांग माका, मी आसंय मां." ताई म्हणायची, माझ्याशी हा माणूस इतक्या लाडाने एकदाही बोलला नाही. पण मशीन त्यांना खरंच सांगतं. आपल्याशी दिवसभरात काय काय झालं हे ते स्वतःच ओळीओळीने लिहून ठेवतं, त्याला लॉग म्हणतात. लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात, भाऊजी लॉग वाचतात, आणि वाचता वाचता कधी 'अरेरे' तर कधी 'शाब्बास' म्हणतात.

त्यांचा सगळ्यात कडक नियम होता खात्यांचा. कारखान्यात ज्याला कॉम्प्युटर वापरायचा त्याला स्वतःचं खातं आणि स्वतःचा पासवर्ड. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी खातं बंद, मग तो कोणी का असेना. हिशेबनीस निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा नारळ हातात घेऊन शेवटची मेल बघायला बसले, तर मशीनने त्यांना ओळखच दाखवली नाही. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले. भाऊजींचं म्हणणं असं, की किल्ली परत केलेला भाडेकरू पुन्हा कुलूप उघडून आत येत नसतो. "जो माणूस आता आत येणार नाही, त्याचं खातं ठेवायचं नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?"

घरच्या मशीनवर खाती दोनच, एक त्यांचं आणि एक सुलभाचं, म्हणजे ताईचं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिसऱ्याचा प्रश्न नव्हता. सगळं उघडायचा अधिकार असलेल्या या माणसाने ताईची एकही फाइल कधी उघडली नाही, पासवर्ड नवऱ्यालाही सांगायचा नाही असं त्यांनीच तिला बजावलं होतं. ताई त्यात भाजणीची प्रमाणं, भजनी मंडळाच्या याद्या, भाच्यांचे फोटो ठेवायची. मशीनमधलं कामाचं एकच काम ती हट्टाने शिकली. भाऊजी मशीनसमोर बसले की स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांना ऐकू जात नसे, म्हणून तिने मशीनकडूनच रोज ठरलेल्या वेळी हाक मारायची सोय करून घेतली. रात्री साडेआठला टुंग अशी घंटी वाजायची आणि त्यांच्या पडद्यावर ओळ यायची, 'सुलभा: पान वाढलंय.' दहा मिनिटांनी दुसरी घंटी, 'भात निवला.' आणखी दहा मिनिटांनी, 'तिसऱ्यांदा सांगतेय. मी जेवायला बसतेय.' भाऊजी प्रत्येक घंटीला "आलो" म्हणत आणि तिसऱ्या घंटीनंतर उठत. त्यांच्याकडे राहायला गेले की हा तमाशा बघायला मी मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसायची.

ताई ओट्यापाशी उभी असताना कोसळली आणि गेली. डोक्यात रक्तस्राव झाला होता, शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. भाऊजींनी त्यांना विचारलं, "काल बरी होती. मधे काय बदललं?" डॉक्टर म्हणाले, "काका, कधीकधी असं आपोआप होतं." मग बाहेरच्या बाकावर भाऊजींनी मला विचारलं, शेजारच्यांना विचारलं, काल ती काय जेवली, कुठे गेली, कुणाशी बोलली, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला तेव्हा ते ऐकवेना. मी त्यांचा हात धरून ठेवला, दुसरं काय करणार.

स्मशानातून आल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि आतल्या खोलीत मशीनसमोर जाऊन बसले. हॉलमधे माणसं होती. मी दाराशी बसले होते. साडेआठ जवळ आले तशी मी सारखी घड्याळाकडे बघायला लागले, कारण आता घंटी वाजणार आणि ताईचं नाव येणार. साडेआठ वाजून गेले. काहीच वाजलं नाही.

"भाऊजी, ताईचा मेसेज आला नाही."

"खातं बंद केलं," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी करायचं असतं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडले, "तिचं सगळं पुसलंत?"

"नाही गं. फाइली आहेत सगळ्या. हे बघ." त्यांनी यादी काढली. भाजणी होती, भजनं होती, फोटो होते. पण प्रत्येक ओळीत जिथे 'सुलभा' असायला हवं, तिथे १००१ असा आकडा होता. भाऊजींनी ती यादी खालपर्यंत नेली, वर आणली. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मशीनला नाव कळत नाही, नंबर कळतो. फ्लॅटचा नंबर असतो ना, तसा. नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली की..." मला त्यांची दया यायला हवी होती. पण बहीण जाऊन एक दिवस झाला नव्हता, आणि या माणसाने तिच्या नावाची पाटी काढली होती. तेरावा झाल्यावर मी मुलुंडला निघून आले आणि कित्येक महिने बोरीवलीला पाऊल टाकलं नाही. फोन आला तर कामापुरतं बोलायची.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. "येशील का गं? एक बिघाड आहे." भाऊजी बिघाडासाठी मला बोलावतात, हे ऐकून मी रागही विसरले आणि संध्याकाळी गेले. घर स्वच्छ होतं, माणूस खंगला होता. त्यांनी मला मशीनसमोर बसवलं आणि लॉगमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी होती, पण कळण्यासारखी होती. सुलभा, पुढे 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, पुढे अशी नोंद नाही.

"ती जे काम लावून गेली ना, जेवायला बोलवायचं, ते तिच्या नावाने तसंच पडून आहे," ते म्हणाले. "मशीन रोज सकाळी उठलं की ते काम हातात घेतं आणि मालकीण शोधतं. सापडत नाही. मग हे लिहितं. रोज."

"आणि तुम्ही रोज वाचता?"

"वाचतो ना. लॉग वाचायचा नाही तर काय करायचं?"

"मग काढून टाका ते काम."

"तिने लावलंय. मी कसं काढू?"

"मग खातं परत उघडा."

"जो माणूस आत येणार नाही, त्याचं खातं..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. चष्मा कपाळावर होता, डोळे पडद्यावर. माझ्या तोंडून त्यांचाच प्रश्न गेला, आणि अगदी हळू गेला.

"भाऊजी, काल चालत होतं ना? मग मधे काय बदललं?"

त्यांनी लॉगमधल्या त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी. मी बदललं. दवाखान्यात कोणाला काही सांगता येईना. मला वाटलं, निदान हे तरी नीट, नियमाने करू." आणि हा माणूस, ज्याला लग्नात हार घालतानाही हसू आलं नव्हतं, तो लहान मुलासारखा रडला. मीही रडले. इतके महिने ज्यासाठी रागावले होते ते मनातून कधी निघून गेलं, मला कळलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर ते कामाला लागले. मशीनमधे अशी कितीतरी खाती असतात, ते मला सांगत होते, ज्यांना पासवर्ड नसतो, आत यायचा दरवाजाच नसतो. तिथून कोणी कधी आत येत नाही. पण कामं त्यांच्या नावावर चालतात, आणि ती कोणी बंद करत नाही. "हे नियमात बसतं," ते दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा स्वतःलाच. जुनाच नंबर देऊन त्यांनी तसं एक खातं उघडलं आणि यादी काढली. भाजणी, सुलभा. भजनं, सुलभा. फोटो, सुलभा. खालपर्यंत सगळीकडे ती. मग त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मी आश्चर्याने बघितलं, तर म्हणाले, "कारण माहीत असलं की चालतं."

मी आत जाऊन पिठलं-भात केला. भात झाला होता, पिठलं ढवळत असताना टुंग वाजलं. मी तशीच दाराशी आले. पडद्यावर ओळ आली होती, 'सुलभा: पान वाढलंय.' भाऊजी "आलो" म्हणाले नाहीत. ते पहिल्याच घंटीला उठले, हात धुतले आणि ताटावर येऊन बसले. पिठलं अजून व्हायचं होतं, तरी बसून राहिले. आम्ही जेवायला लागलो तेव्हा आतल्या रिकाम्या खोलीत दुसरी घंटी वाजली, भात निवल्याची. त्यांनी घास थांबवला, मग पुन्हा खायला लागले. तिसरी वाजली तेव्हा त्यांनी मान वळवून खोलीच्या दाराकडे बघितलं.

"आलोय गं," ते म्हणाले. "बसलोय जेवायला."