पुस्तकातलं गाठोडं
स्केचपेनचं टोपण उघडलं की त्या गोडसर वासानं मी पुन्हा वारज्याच्या शाळेत जाते. बाईंनी स्थलांतरावरची ग्राफिक नॉव्हेल दाखवून आम्हाला आपापल्या घराची गोष्ट तशीच चौकटींत काढायला सांगितली होती. मी अकोल्याहून निघालेली आमची स्लीपर बस काढली, आत चिवडा खात हसणारे आईबाबा. "अगं, हे तर सहलीला निघालेत! स्थलांतर असं असतं का?" म्हणत बाईंनी पुस्तकातलं पान पुढे धरलं. मग मी आईच्या डोक्यावर गाठोडं काढलं, अनवाणी पाय काढले, अश्रूही काढले. चित्र फळ्याशेजारी लागलं. पालकसभेला ठेवणीतली साडी नेसून आलेली आई त्यापुढे थबकली. "आपन अशे आलो होतो काय वं?" तिला भरून आलंय असं समजून बाईंनी तिचा हात थोपटला. आजही या शहरात कुणी मायेनं हात थोपटला, की मी तो काढून घेते.