माणिकच्या पाटीवरचा शब्द

माझा दोस्त माणिक गेल्याचा फोन त्याच्या गावाहून, लोह्याहून आला, तेव्हा मी लातूरच्या घरात त्याच्यावरच रुसून बसलो होतो. का, ते शेवटी सांगतो. आधी मला भांडायचंय.

तेराव्याला माजी सैनिकांच्या फलकाचा विषय निघाला. गावात नवा दगड बसतोय. समितीचा तरुण अध्यक्ष म्हणाला, "माणिककाका वायरलेसवर बसून असायचे. लढलेल्यांचीच नावं कोरायची ठरलंय." बसून? हातातला कप मी खाली आपटला. अरे, पाठीवर संच, डोक्यावर अँटेना, घेऊन पळायचं साहेबाच्या बाजूनं! शत्रू आधी त्यालाच टिपतो, कारण तो पडला की अख्खी तुकडी मुकी होते. जास्त बोललं तर लहरी कुठून येतात ते शोधून तोफ तिथंच डागतात. म्हणून दोन वाक्यं बोलायची, बटण सोडायचं. घरीही माणिक तसाच बोलायचा, आणि आम्ही त्याला घुम्या म्हणायचो...

नोकरीच्या शेवटी त्याच्याकडे नवे संच आले होते. सेकंदाला कितीतरी वेळा ते वारंवारता बदलत. या उड्यांचा क्रम आणि घड्याळ दोन्ही टोकांना एकच, तिसऱ्याच्या कानी नुसती खरखर. वर बोलणं सांकेतिक किल्लीनं बंद केलेलं, आणि ती किल्लीही ठरल्या वेळी बदलायची. क्रम कसा ठरतो, असं मी एकदा मास्तरकीच्या सवयीनं विचारलं. "गुर्जी, एवढं तर पुस्तकात बी हाय. पुढलं इचारू नको." बायकोलाही त्यानं कधी सांगितलं नाही. आणि आता हे म्हणतात, "काही केलं असतं तर बोलले असते की!" वा रे वा! ज्यानं तोंड बंद ठेवण्यातच नोकरी घातली, त्याच्या गप्प राहण्याचा हा अर्थ?

फौजेत नुसत्या आवाजावर भरवसा नसतो. एकानं शब्द टाकायचा, दुसऱ्यानं ठरलेला जवाब द्यायचा. ही सवय माणिकनं माझ्याशी चालू ठेवली होती. दर रविवारी नवी जोडी ठरायची, त्याच्या खोलीत फोनशेजारच्या पाटीवर लिहिली जायची आणि पुढच्या रविवारी पुसली जायची. तो जाण्याआधीच्या शुक्रवारी मी फोन केला तर म्हणाला, "नांगर." 'चिंच' म्हणायचं होतं. आठवत होतं हो मला! पण गुडघा ठणकत होता, डोकं फिरलं. म्हटलं, "साठ वर्षांचा दोस्त मी, आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज कुनाचाबी काढता येतो. शब्द सांग."

मी नाही सांगितला. त्यानं फोन ठेवला. मीही ताठ्यात राहिलो, रविवारीसुद्धा फोन केला नाही. बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

तेराव्याला अध्यक्षांशी भांडून मी माणिकच्या खोलीत गेलो. पाटीवर खडूनं तसंच होतं, नांगर – चिंच. वहिनी म्हणाल्या, "रविवारी पुसाया गेले, तर अंगावर आले माझ्या. म्हनले, गुर्जीचा जवाब यायचा हाय, ऱ्हाऊ दे." माझा राग कुठल्या कुठे गेला, नाही, तो माझ्याकडेच वळला. अध्यक्षांना त्याचं गप्प राहणं कळलं नाही, मला तरी कुठं कळलं होतं?

दगडावर माणिकचं नाव येईपर्यंत मी दर आठवड्याला लोह्याला येणार आहे, समितीनं दार लावलं तरी. त्या दिवशी मात्र पाटीसमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "चिंच." वहिनींनी ओलं फडकं पुढं केलं... मला पुसवलं नाही.