रबादानचा फिरंगी लांडगा

सबंध दागिस्तानात आमच्या रबादानसारखं पातं कोणी घडवत नव्हतं, आणि त्याचं नाव आमच्या डोंगराखाली कुत्रंही जाणत नव्हतं. लोकांना वेड फिरंगी पात्यांचं. म्हणून आमचे लोहार पातं झालं की त्यावर फिरंगी छापाचा लांडगा उमटवत आणि मोकळे होत. रबादाननेही चाळीस वर्षं लांडगेच काढले. त्याचा लांडगा गाभण मेंढीसारखा दिसे, तरी खपे.

म्हातारपणी त्याने एका पात्यावर हौसेने स्वतःचं नाव घातलं. गिऱ्हाईक म्हणालं, "हा रबादान कोण?" आणि शेजारचं लांडग्याचं पातं घेऊन गेलं. म्हातारा दोन दिवस जेवला नाही.

पुढे रबादान आणि मी मैदानातल्या अदिल-गेरे बेगकडे लग्नाला गेलो. मटणाबरोबर खिंकालचे उकडलेले गोळे हाणून झाल्यावर बेगने भिंतीवरची शाश्का काढली. शाश्का म्हणजे मूळचा सुराच, वाढत वाढत तलवार झालेला. मुठीपुढे आडवी पट्टी नाही, कमरेला लावायची ती धार वर करून. तुर्क टोकाशी रुंद झालेलं तलवारीचं वाकडं धूड उपसेपर्यंत आमचा माणूस वार करून घरी येतो.

"आजोबांनी फिरंगी सरदाराला लोळवून आणली," बेग म्हणाला.

पात्यावर गाभण मेंढी होती.

"वा! काय पातं आहे!" रबादान बोलून गेला. मी कपाळावर हात मारला. पाहुण्याने वस्तू वाखाणली की यजमानाने ती देऊन टाकायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण स्वतःचं काम बघून म्हातारा विरघळला होता.

बेगचा चेहरा पडला. "घ्या उस्ताद."

"अहो, ही तर मीच..."

मी त्याला करकचून चिमटा काढला. खरं सांगावं तर बेगचे आजोबा खोटारडे, नको म्हणावं तर बेगचा अपमान. दोन्हींचं उत्तर त्याच पात्याने मिळालं असतं. निमूट घेऊन आलो.

गावातले लोहार बघायला जमले. "बघ रबादान, याला म्हणतात हात! तुला जन्मात जमलं नसतं."

"अरे गाढवांनो, मीच घडवलीय ही!"

सगळे खो खो हसले. त्याने माझ्याकडे बोट केलं. "याला विचारा. हा होता तिथे."

गावातली गोष्ट बेगच्या कानावर जायला दोन दिवस पुरतात.

"फिरंगीच आहे," मी म्हणालो.

तेव्हापासून रबादान माझ्याशी बोलत नाही. समोरून आला तर थुंकतो. थुंकू दे, जिवंत आहे.